बसून करायची भूमिका

उंची ही देवाची देणगी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या भाऊजींसोबत एक दिवस काढावा. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सव्वासहा फुटांचे आहेत आणि वर्ध्याजवळच्या अख्ख्या सेलूत त्यांच्याएवढा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेज वर्ध्याला, पण तिथे खोली करून राहणं जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा भाऊजी स्वतः आमच्या गावी आले, माझी पेटी खांद्यावर टाकली आणि मला सेलूला घेऊन गेले. त्यांच्या पुढच्या खोलीत बसून मी पदवीधर झालो. म्हणून इथे थोडी थट्टा दिसली, तरी ती घरच्या माणसाने केलेली आहे असं समजावं.

भाऊजी जिनिंग फॅक्टरीत फिटर आहेत. कापसाच्या मशीनची वरची पट्टी चढवायला बाकीच्यांना स्टूल लागतं, यांना लागत नाही. त्यांचं डोकं लहानपणापासून इतक्या चौकटींवर आपटलं आहे, की आता चौकट दिसली की मान आपोआप खाली जाते. मैदानात गोलपोस्टच्या दोन बांबूंमधून जातानाही ते वाकतात, आणि वर तर नुसती मोकळी हवा असते. लग्नात हार घालण्यासाठी ताईला पाटावर पाट ठेवून उभं केलं होतं. तो फोटो घरात आहे. त्यात ताई पूर्ण आहे आणि भाऊजी भुवयांपर्यंत आहेत. खाटेवर ते कोनाकोनी झोपतात. गल्लीत कोणाच्या छताला जाळं लागलं, पंख्यावर पतंग अडकला, माळ्यावरचं पातेलं काढायचं असलं की बोलावणं यांनाच येतं. जातात, काम करतात, आणि चहा उभ्यानेच पितात, कारण लोकांच्या खुर्च्या त्यांना पुरत नाहीत. एकदा असंच कोणाच्या घरची जाळी काढून परत आल्यावर मला म्हणाले, "उंच माणसाले लोक माणूस नाई, शिडी समजतात. काम झालं का भिंतीले टेकवून ठेवतात."

हे सगळं त्यांनी हसत सोसलं असतं. पण त्यांना नाटकाचं वेड होतं. सेलूत आमच्या गल्लीचं एक नाट्यमंडळ आहे आणि त्याचे दिग्दर्शक म्हणजे प्राथमिक शाळेतले एक गुरुजी. गुरुजींची पात्रं निवडायची पद्धत एकच. सगळ्यांना शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर खडूने रेघ मारायची आणि मग दूर जाऊन रेघा पाहायच्या. नायक नायिकेपेक्षा वीतभर उंच हवा, दोन वीत चालत नाही. बाप मुलापेक्षा उंच, पण सावकारापेक्षा ठेंगणा. नोकर सर्वांत खाली. कोणाचा आवाज कसा आहे हा प्रश्न रेघा जुळल्यानंतर यायचा. भाऊजींची रेघ इतरांच्या रेघांपासून इतकी लांब पडायची, की गुरुजी ती मोजतच नसत. सोळा वर्षं भाऊजींनी भालदार, पहारेकरी, इन्स्पेक्टर, यमराज आणि एकदा वडाचं झाड इतकीच कामं केली. सगळ्यांत लांब वाक्य यमराजाला होतं, तेही पाच शब्दांचं. त्यातून गणपतीच्या मांडवात रंगमंचाला जी झालर लागते, ती एका देणगीदाराने आईच्या स्मरणार्थ दिलेली आणि तिच्यावर आईचं नाव कशिद्याने काढलेलं. ती वर गुंडाळता येत नसे. त्यामुळे भाऊजी उभे राहिले की प्रेक्षकांना ते हनुवटीपर्यंत दिसत. नाटक संपल्यावर लोक त्यांना भेटून म्हणत की आवाज छान लागला होता.

याउलट घरी ते सगळ्यांचे संवाद म्हणत. आंघोळीच्या वेळी नायकाचे, जेवताना आईचे. मी विंगेत पुस्तक धरून बसत असे, कारण मंडळात वाचायची सवय असलेला मीच होतो, म्हणून खात्रीने सांगतो, की नायकापेक्षा भाऊजींचं पाठांतर पक्कं होतं आणि बोलणंही. हे मी गुरुजींना एकदा सांगून पाहिलं. गुरुजी मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "मले समजते बापू. पण तुझे भाऊजी स्टेजवर आले का बाजूचा माणूस दिसतच नाई. नाटक दोघांचं असते."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मंडळाने वर्ध्याच्या एकांकिका स्पर्धेत उतरायचं ठरवलं. एकांकिकेत बाप आणि मुलगी अशी दोनच पात्रं. बापाला लकवा मारलेला. तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत खुर्चीवर. गुरुजींनी मंडळाच्या ग्रुपवर संहिता टाकली आणि दहाव्या मिनिटाला भाऊजी त्यांच्या दारात वाकून उभे होते. "आता तरी नाई म्हणू नका. याच्यात उठायचंच नाई," एवढंच बोलले. गुरुजींनी त्यांना खुर्चीत बसवलं, मुलीचं काम करणाऱ्या शिकवणीच्या बाईंना बाजूला उभं केलं आणि नकारार्थी मान हलवली. बसलेला बाप उभ्या मुलीच्या खांद्यापर्यंत येत होता. भाऊजी घरी आले, आमची एकुलती लाकडी खुर्ची उलटी केली आणि करवतीने तिचे चारही पाय वीतभर कापले. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. कापलेल्या खुर्चीत त्यांचे गुडघे छातीला लागत. त्यावर घोंगडी टाकली, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर नवी रेघ मारली आणि मान्य केलं.

महिनाभर भाऊजी जिनिंगमधून आले की त्या खुर्चीत बसत आणि पाणीसुद्धा मागून घेत. ताई म्हणायची, नाटक संपेपर्यंत खराच लकवा होईल. त्यांना काळजी वेगळीच होती. रागाच्या प्रसंगी आपण चुकून उठू आणि सभागृह हसेल, याची. सोळा वर्षांत ते मंचावर आले की कुठूनतरी हसू यायचंच, त्यांनी काहीही केलं नसलं तरी.

प्रयोग दुपारी दोनला होता. पडदा उघडला तेव्हा भाऊजी खुर्चीत होते आणि सभागृहातल्या कोणालाही ते किती उंच आहेत हे ठाऊक नव्हतं. कोणी हसलं नाही. रागाच्या प्रसंगी त्यांनी खुर्चीचे दोन्ही दांडे धरलेले मला विंगेतून दिसले, पण ते उठले नाहीत. मला पुस्तकातून एकही शब्द सांगावा लागला नाही.

पडदा पडल्यावर टाळ्या चालू असतानाच एक म्हातारी बाई विंगेतून आत आली. पुढच्या एकांकिकेत तिची नात होती. ती सरळ भाऊजींजवळ गेली, खाली बसली आणि घोंगडीवरून त्यांच्या गुडघ्यांवर हात फिरवू लागली.

"कधीपासून असा बसून आहेस रे बापा?"

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लय वर्षं झाले, माय."

तिने सांगितलं, की तिचा मालकही तीन वर्षांपासून खाटेवर आहे आणि असाच रागावतो. आज पहिल्यांदा त्याच्या रागातलं दुःख तिला समजलं. "चालशील तू, बापा," ती म्हणाली. ती नातीची वाट पाहत तिथेच बसून राहिली. पुढच्या मंडळाचे लोक मंच मोकळा करा म्हणून ओरडत होते. भाऊजी काही उठेनात. शेवटी मी आणि गुरुजींनी तो सव्वासहा फुटांचा माणूस खुर्चीसकट उचलला; घोंगडी शिकवणीच्या बाईंनी सांभाळली. म्हातारीने आम्हाला दार उघडून दिलं. व्हरांड्यातून रस्त्यापर्यंत तीन वेळा टेकवावं लागलं, आणि प्रत्येक वेळी गुरुजींनीच धापा टाकत आधी हात लावला.

टेम्पोत चढवल्यावर गुरुजी आणि शिकवणीच्या बाई पुढे ड्रायव्हरजवळ बसले. मागे भाऊजी खुर्चीत आणि मी नाटकाच्या सामानाच्या पेटीवर. बक्षीस आम्हाला मिळालं नाही, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं, की तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आहे, मान वर न करता दिसतो आहे. डोळ्यांखालचा मेकअप ओघळलेला होता.

टेम्पो सुटल्यावर त्यांनी विचारलं, "मी त्या मायले फसवलं काय रे? तू शिकलेला आहेस, सांग."

मी नाही म्हटलं. ते खरं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. वर्धा मागे पडलं, कापसाची शेतं सुरू झाली, आता पाहणारं कोणी नव्हतं. सेलू येईपर्यंत भाऊजी त्या खुर्चीतून उठले नाहीत, आणि मीही त्यांना उठा म्हटलं नाही.