पूर्वेकडे तोंड करून उभी गाडी

मे १९९७, रविवार सकाळ. जागा: नाशिक रोडच्या आमच्या घरासमोरचं अंगण. हजर: माझे सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणत, सासूबाई, माझा नवरा, मी. गैरहजर: नणंद. ती चांदवडला सासरी होती आणि आम्ही जमलो होतो तिच्यासाठीच.

तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. सातवा महिना संपत आला होता आणि आठव्यात बाईनं प्रवास करायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. आणायचं तर त्याच दिवशी. दादांनी लग्नातच व्याह्यांना सांगितलं होतं, "लेकीला न्यायला मी माझ्या गाडीनं येईन." एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनी पांढरी गाडी घेतली होती. आणि नेमकी ती तापायला लागली होती. आदल्याच आठवड्यात ओझरहून परत फिरावं लागलं होतं. व्याह्यांचा फोन आला, "गाडी निघाली की कळवा. नाहीतर आमच्याकडे एस.टी. असते हो!"

"दादा, जीप सांगू का? स्टेशनवर मिळेल," नवरा म्हणाला.

"सांग. मी मागून येतो, टोपी हातात धरून."

जीपचा विषय तिथंच संपला.

मला कोणतंही काम ओळीनं लावल्याशिवाय चैन पडत नाही. मी विचारत गेले. पाणी गळतं का? नाही. पंखा फिरतो का? फिरतो. तापायला कधीपासून लागली? रेडिएटर धुऊन आणल्यापासून. गॅरेजवाल्याकडे त्या दिवशी पाणीच नव्हतं, म्हणून दादांनी ते घरी, अंगणातच भरलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी काठोकाठ भरायचे आणि संध्याकाळी पाणी खाली गेलेलं असायचं.

"गळत नाही, मग कमी कसं होतं?"

दादा उघड्या बॉनेटवर वाकले. मग म्हणाले, "कमी होत नाही. पूर्ण भरतच नाही. आत हवा अडकलीय."

हे त्यांनीच ओळखायचं होतं. नोकरीत त्यांनी हवा काढल्याशिवाय एकही पंप सुरू होऊ दिला नव्हता. वरचं तोंड उघडायचं, हवा जाऊ द्यायची, पाण्याची सलग धार आली की बंद करायचं. जेवताना आमटी वाढली तरी हे सांगायचे.

"मग गाडीचं वरचं तोंड कुठलं?" मी विचारलं.

"रेडिएटरचं झाकण," म्हणत त्यांनी बोट दाखवलं. बोट खाली गेलं, आणि तिथंच थांबलं.

आमच्या अंगणाला पूर्वेकडे चांगला उतार आहे. आणि गाडी आणली त्या दिवशी पूर्वेला तोंड करून पूजा झाली, तेव्हापासून दादा ती तशीच लावत. त्यामुळे नाक खाली, इंजिन वर. पाणी भरताना झाकण सगळ्यात खाली असायचं आणि हवा वर, इंजिनात, आरामात बसायची. चौघांनाही ते दिसलं. पण गाडी मावळतीकडे तोंड करून लावा, हे दादांना कोण सांगणार? पाहुण्याची स्कूटर दक्षिणेला तोंड करून दिसली तरी ते स्वतः उठून फिरवत.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सूर्य काय, उद्याही उगवेल. लेकीचा सातवा थांबणार नाही."

दादांनी किल्ली घेतली आणि स्वतःच गाडी वळवली. नाक चढाकडे, पश्चिमेला.

इंजिन थंडच होतं. झाकण उघडलं. आतला हीटर पूर्ण चालू करायला लागतो, म्हणजे त्याच्या नळीतली हवाही निघते. नाशिकच्या मे महिन्यात त्या खटक्याला कधी कुणी हात लावला नव्हता. तो गच्च बसला होता. नवऱ्यानं फडक्यानं धरून फिरवला आणि गाडी सुरू केली. दादा वरची रबरी नळी दाबत-सोडत होते, सासूबाई तांब्यानं पाणी ओतत होत्या. पाणी वर यायचं, गुडगुडायचं आणि झर्रकन खाली जायचं.

"अजून पितेय बाई!"

"पिऊ दे."

आतून नवरा ओरडला, "दादा, इथं इडल्या होतील!"

"होऊ देत. खाऊनच निघू."

मग बुडबुडे थांबले. पाणी झाकणापाशी स्थिर राहिलं. दादांनी झाकण घट्ट लावलं. पंखा सुरू होऊन बंद झाला तरी तापमानाचा काटा मधोमधच होता.

दादांना काही नवीन कळलं होतं असं नाही. गाडी कशी उभी आहे, हा प्रश्नच त्यांनी कधी विचारला नव्हता. आम्हीही नाही. तेव्हापासून काही अडलं की मी आधी तेच बघते, जे वर्षानुवर्षं तसंच आहे.

संध्याकाळी नणंद आमच्या अंगणात उतरली. "दादा, गाडी उलटी लावलीत?"

"आता अशीच," ते म्हणाले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळले, "सूनबाई, पूर्वेच्या बाजूला काँक्रीटचा चढ करून घेऊ. पुढची चाकं वर राहिली की पूर्वेला तोंड करता येईल."

मी लगेच लिहून घेतलं. मग बाळ आलं, मग पाऊस, मग दादांचं दुखणं. दादा गेल्याला आता काही वर्षं झाली. त्या जागी दुसरी गाडी असते, मावळतीकडे तोंड करून. वाळू आणून ठेवली होती, ती शेजारच्यांच्या प्लास्टरला गेली. गवंड्याला अजून सांगायचं आहे.