वॉरंटीतलं इंजिन

कर्वेनगरात आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणजे बोनेट बंद दिसलं की अस्वस्थ होणारा माणूस. चाकात हवा भरायला जा, तरी इंजिनात डोकावणार आणि वर विचारणार, "गाडी चालवता की छळता?"

आमची डब्यांची पिकअप जेमतेम चार महिन्यांची, अन् चढावर धूर सोडून बंद पडायला लागली. हिंजवडीच्या कंपनीत जेवण आणखी एकदा उशिरा गेलं की कंत्राट जाणार, म्हणून मी धावत याच्याकडे. यानं नुसता आवाज ऐकला आणि, काय सांगू, चक्क हात पाठीमागे बांधले!

"काकू, इंजिनच गेलंय. मी एक नट फिरवला तरी वॉरंटी जाईल. शोरूमला चला."

शोरूमच्या साहेबांनी लॅपटॉप जोडला. "मॅडम, यात काहीच फॉल्ट दाखवत नाही."

"मग उद्यापासून डबे लॅपटॉपवरून पाठवा," हा म्हणाला. "नाहीतर चांदणी चौकाचा चढ तुम्हीच चढवून दाखवा."

आम्ही तिघं पुढे दाटीवाटीनं बसलो. निम्म्या चढावर धूर काढून गाडी थांबली. मागे हॉर्नचा कल्लोळ. साहेब घामाघूम. "अहो, जरा उघडून बघा ना!"

"बघतो की. आधी नवीन इंजिन देतो असं लिहून द्या."

त्यांनी स्टिअरिंगवर कागद ठेवून मुकाट्यानं लिहून दिलं. मी तो पर्समध्ये टाकला, तसा हा म्हणाला, "आता उतरा साहेब, गाडी कडेला घ्यायचीय. काकू स्टिअरिंग धरतील, आपण दोघं ढकलू. तेवढा टाय सांभाळा."