लाल पटका

निपाणीला आमच्या अंगणात शेणींच्या ढिगातून नाग निघाला. आम्ही जैन, त्यामुळे काठी कुणी उचलेना. सगळे सापावर ओरडत होतो आणि आमचा मोत्या त्याच्या फण्यावर झेपावत होता. तंबाखू उतरवायला आलेल्या गाडीवानानं सापाकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्याचा लाल पटका सोडून त्यानं मोत्याच्या गळ्यात अडकवला आणि ओढत नेऊन त्याला गाडीत बसवलं.

"आक्का, कुत्रं तेवढं आवरा. साप आपल्या वाटंनं जातोय."

खरंच गेला! अजूनही साप दिसला की मी आधी कुत्रं बांधते. त्या भल्या माणसाचं नाव मात्र त्या गडबडीत विचारायचं राहिलं.

पुढच्या खेपेला तो दारात दिसताच मोत्या बाजेखाली शिरला. गाडीवान पोट धरून हसला.

"नागाला भ्यालं न्हाय, आन् माझ्या पटक्याला भ्यालं की!"