बेबाबाईचं रडणं

सोनगीरच्या आसपास कुणाच्या घरी मयत झाली की बाया आधी विचारायच्या, बेबाबाई आली का? तिचं रडणं म्हणजे नुसता गळा काढणं नव्हे. गेलेल्या माणसाचा अख्खा जन्म ती त्याच्यापाशी बसून सुरात, आपल्या अहिराणीत सांगायची. कुणी काय सोसलं, कुणाच्या हाताला कशी चव होती, सगळं. तिच्या रडण्याशिवाय माणूस उचलला तर बायांना त्याला उपाशी धाडल्यासारखं वाटायचं.

मग कॉलेजात बायांच्या गाण्यांचा अभ्यास करणारा ललित आला. पोरगा गुणाचा, खोटं कशाला बोला. गावातल्या प्रमिलाबाई वारल्या तेव्हा घरच्यांना विचारून त्यानं बेबाबाईचं रडणं मोबाईलवर घेतलं आणि आठवण राहावी म्हणून गावच्या ग्रुपवर टाकलं. झालं! कुण्या रिकामटेकड्यानं त्यातला तुकडा कापला, खाली डीजेचा ठेका लावला. नरडाण्याला एका हळदीत पोरं त्यावर नाचली. बेबाबाई त्याच मांडवात जेवायला बसली होती. ललित येऊन पाया पडून गेला, पण एकदा मोबाईलमधून सुटलेलं कुणाच्या बापाला परत आत घालता येतं का? तेव्हापासून ती मयतीला जायची, पण तोंडात पदर कोंबून बसायची.

आणि यंदा तिचा नवराच गेला. पितांबर. लेक दिपमाला सुरतेला, ओली बाळंतीण, यायची सोय नाही. पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावून मोबाईल पितांबरच्या उशाशी धरला. बाया वाट बघत होत्या. बेबाबाईनं तोंड उघडलं, समोर मोबाईल दिसला, आणि गळा बंद. आयुष्यात तिला एका शब्दानं न दुखावलेला माणूस मुकाट जाणार होता.

"माय, तू काबर रडत नही?" दिपमालानं विचारलं.

बेबाबाईनं नुसतं मोबाईलकडे बोट केलं.

दिपमालाला कळलं. तिला बापाचं तोंड शेवटचं डोळाभर बघायचं होतं, आईच्या तोंडून बाप ऐकायचा होता. तिनं बापाचं तोंड एकदा बघून घेतलं.

"माय, मी बंद करस," ती म्हणाली. "तू रड."

कॉल कटला. मग बेबाबाई रडली. लेक झाली म्हणून पितांबरनं गावभर जिलेबी कशी वाटली, सासरी निघालेल्या लेकीच्या गाडीमागे तो फाट्यापर्यंत कसा पळत गेला, सगळं तिनं सांगितलं. बठ्ठं गाव ऐकत होतं. दिपमाला तेवढी नव्हती.