यंत्राचा एक फेरा

रागीट माणसानं अर्थशास्त्राच्या नादी लागू नये, असं माझे मार्गदर्शक म्हणायचे. मी लागले, आणि तेही कारखान्यांतल्या अपघातांच्या भरपाईच्या. सगळी नोकरी त्यातच गेली. म्हैसूरजवळच्या येलवालच्या कारखान्यांपासून पिरियापट्टणच्या तंबाखूच्या भट्ट्यांपर्यंत, कुणाचं काय तुटलं, काय भाजलं आणि त्याच्या पदरात काय पडलं, हे विचारत मी हिंडले. चिरडलेल्या बोटांचे फोटो पाहूनही मला जेवण जायचं. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे विमा कंपनीचं छापील उत्तर वाचलं की मात्र घास उतरत नसे. एकदा अशाच एका साहेबाच्या अंगावर मी शाईची दौत भिरकावली होती. नेम चुकला आणि भिंत निळी झाली. त्या चुकलेल्या नेमाची हळहळ मला अजून वाटते.

हा राग मला माझ्या काकाच्या उजव्या हातानं दिला.

म्हैसुरात स्थायिक झालेल्या आमच्या मराठी घराण्यात पूर्वी कापड रंगवायचं आणि छापायचं काम होतं. ते बसलं तेव्हा काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, म्हैसुरातच कापडाला कडक इस्त्री करणाऱ्या कारखान्यात लागला. तिथे माणसाच्या मांडीएवढे जाड दोन लोखंडी रोल एकावर एक फिरायचे, आतून तापलेले. ओलं कापड एकीकडून आत जायचं आणि दुसरीकडून पापडासारखं ताठ बाहेर यायचं. काका त्या यंत्रावरचा सगळ्यात जुना माणूस. वडील गेल्यावर आई, मी आणि तो, असं आमचं घर त्याच्याच मजुरीवर चाललं. कामगारांच्या भरपाईवर प्रबंध लिहायला घेतला तेव्हा मला टाइपरायटरही त्यानंच घेऊन दिला, जादा पाळ्या करून.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी कारखान्यात काम नसे. यंत्रं धुऊन पुसून त्यांना भस्म आणि कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. कामगारांची बायकापोरं यायची आणि सगळ्यांना चुरमुरे आणि डाळं मिळायचं. आमच्याकडे गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे नेतात, तसं त्या कारखान्यात रोल नेहमीसारखे तापवून लिंबू त्यांच्या फटीत ठेवायचे आणि यंत्राला एक फेरा द्यायचे. लिंबू ठेवायचा मान काकाचा, बटण दाबायचा मान मालकाचा. फेरा झाला की पूजा पुरी झाली असं समजायचं.

त्या वर्षी आई आणि मीही तिथे होतो. धुण्यासाठी आणि माळ बांधण्यासाठी रोलपुढची लोखंडी जाळी काढून ठेवली होती, ती पुन्हा बसवायचं कुणाच्या मनात आलं नाही. देवाच्या पुढ्यात कसली जाळी! काकाच्या अंगात नवा शर्ट होता, मालकानंच वाटलेल्या कापडाचा आणि आईनं शिवलेला. काकानं लिंबू फटीत धरलं. मालकाचं लक्ष भटजीकडे होतं. भटजींनी मान हलवली आणि त्यानं बटण दाबलं.

लिंबू फुटल्याचा आवाज मी ऐकला. मग बाही आत गेली, आणि बाहीमागून हात. काकाचा चेहरा रोलवर आदळला. भाजल्याचा वास आला, झेंडूच्या वासात मिसळलेला. कुणीतरी मुख्य स्विच खाली ओढला तोवर मनगटाच्या बरंच वरपर्यंत सगळं सपाट झालं होतं. हात बाहेर काढायला रोल उलटे फिरवावे लागले आणि काका तेव्हा जसा ओरडला, तसं माणूस ओरडलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आईच्या हातातला चुरमुऱ्यांचा पुडा तसाच होता. घरी आल्यावर तिनं त्या शर्टाचं उरलेलं कापड चुलीत घातलं.

हात कोपराखाली कापला. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीतून दसऱ्याच्या मिरवणुकीचे नगारे ऐकू येत होते आणि काका प्रत्येक ठोक्याला दचकत होता.

महिन्याभरात विमा कंपनीचं पत्र आलं. त्या दिवशी सुट्टी होती, घडला तो देवधर्म, काम नव्हे, सबब भरपाई लागू नाही. मालकानंही हात झटकले. यंत्र कुणी सुरू केलं ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाहिलं होतं, आईनं पाहिलं होतं, पण आम्ही पडलो नातलग, आमच्या साक्षीला किती वजन! बाकीच्यांना नोकरीची भीती, काकाच्या शेजारी काम करणारा एकच जण साक्षीला तयार झाला. त्याला शेडच्या मागे नेऊन लोखंडी सळीनं मारलं, जबडा मोडला. मी भेटायला गेले तर त्याच्या बायकोनं माझ्या तोंडावर दार आपटलं. मला तिचा राग आला नाही. मला त्या सळीचा राग आला आणि ती धरणाऱ्या हाताचा, तो अजून धडधाकट होता म्हणून.

कामगार भरपाई आयुक्तांसमोर सुनावणी लागली. आमच्या वकिलामागे मी कागद घेऊन बसले होते. मालक कपाळाला गंध लावून आला आणि शपथेवर सरळ खोटं बोलला. बटण दाबलं नाही, कुणाला दाबायला सांगितलं नाही, यंत्र चालवायचंच नव्हतं. आमचा वकील थकला. काका कापलेल्या हातावर टॉवेल टाकून बाकावर बसला होता. हे हरलो तर तो पुढे काय खाणार आणि कसा जगणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात मला त्या गंधाकडे पाहून सुचलं. हा माणूस कायद्याला भीत नव्हता, माणसाला तर नाहीच नाही. मी वकिलाच्या कानात एक प्रश्न सांगितला. वकिलानं तो कन्नडमध्ये विचारला, अगदी काळजीच्या सुरात.

“म्हणजे यंदा यंत्राचा फेरा झालाच नाही? तुमची आयुधपूजा अर्धीच राहिली म्हणायची?”

मालक ताडकन उभा राहिला. त्याच्या वकिलानं कोट ओढला, पण तो थांबला नाही.

“अर्धी? कोण म्हणतो अर्धी? आजोबांपासून एक वर्ष आमची पूजा अर्धी राहिली नाही! फेरा झाला. बटण मी दाबलं, ह्या हातानं!”

त्यानं उजवा हात वर केला. खोलीत सगळे आयुक्तांकडे बघत होते. काका एकटाच त्या हाताकडे बघत होता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मालकानं स्वतः यंत्र चालवलं, यंत्रावरच्या माणसाला त्याच्या जागी उभं केलं, तेव्हा ते कामच होतं. जिन्यात मालक काकाला गाठून हसत म्हणाला, “काय करणार, देवाच्या बाबतीत खोटं बोलता आलं नाही बघ.” मी त्याच्या थोबाडीत मारली. तो नेम मात्र चुकला नाही. काकानं डाव्या हातानं मला खेचत खाली नेलं.

पुढच्या वर्षी आयुधपूजा घरीच होती. आईचं शिलाई मशीन, कात्र्या, आजोबांचे कापड छापायचे लाकडी ठसे आणि माझा टाइपरायटर, सगळं पाटावर मांडलं होतं. काकानं डाव्या हातानं कुंकवाचा करंडा उचलला. आई पटकन आमच्या घरच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणून गेली, “नको, बेडा, भावजी. डाव्या हातानं बेडा. पुट्टी लावील की, अल्वा?” पुट्टी म्हणजे मी.

काकानं तिच्याकडे पाहिलं. मग दारात फोडायला ठेवलेला कोहळा उचलला आणि देवघराच्या भिंतीवर फेकला. आत भरलेलं कुंकू आईच्या पातळावर, माझ्या तोंडावर, देवांवर उडालं. आई रडायला लागली.

मला रडू नाही, संताप आला, आईचा, देवांचा, सगळ्यांचा. मी टाइपरायटर उचलून काकापुढे ठेवला. म्हटलं, “लाव तू. डाव्याच हातानं लाव. बघते कोण अडवतंय ते.”

त्यानं अंगठा कुंकवात बुडवला आणि टाइपरायटरच्या कळांवर दाबला. जरा जास्तच जोरात. कळांखालच्या चारपाच लोखंडी काड्या एकदम खडखडत वर उसळल्या.

काका किंचाळला. झटक्यात हात मागे घेतला आणि काखेत दडवला. भिंतीला पाठ लावून तो त्या टाइपरायटरकडे बघत राहिला, त्यानंच घेऊन दिलेल्या. घामानं त्याचा सदरा भिजला होता. मी जवळ गेले तरी त्यानं हात बाहेर काढला नाही.

“बटण कोण दाबलं?” तो म्हणाला. “पुट्टी, बटण कोण दाबलं?”