गोपिकाचा डावा हात

लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरामशीनच्या गल्लीत नत्थूजींच्या घरी जेवायची वेळ झाली की भांडण ठरलेलं. कारण एकच. त्यांची गोपिका डाव्या हाताने जेवायची. तिची आई रुखमाबाई तिच्या मनगटावर उलथण्याचा दांडा हाणायच्या. "सासरी जाशीन तवा लोक काय म्हनतीन वं?"

नत्थूजी भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "जेवू दे वं तिले. माह्या मायचा विळा इसरली का?"

तो विळा घरात सगळ्यांना पाठ होता. नत्थूजींची आई डावखुरी. गावच्या लोहाराने तिच्या विळ्याला उलट्या अंगाने धार काढून दिली होती, आणि ज्वारीच्या कापणीत ती भल्याभल्यांना मागे टाकायची. तेव्हापासून नत्थूजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की बदलायचं ते हत्यार, हात नव्हे. माणूस आधीच हट्टी, त्यात दिवसभर लाकूड कापणारा. त्यांची समजूत कोण काढणार?

म्हणून पोरीने हॉकीचा ध्यास घेतला तेव्हा त्यांनी बाभळीची मूळचीच वाकलेली फांदी शोधली, तासली, घासली आणि स्टिक करून दिली. हॉकीच्या स्टिकला एक अंग सपाट आणि दुसरं गोल असतं. मारायचं फक्त सपाट अंगाने. नत्थूजींनी ते सपाट अंग उजवीकडे काढलं, डाव्या हाताच्या माणसाला सोयीचं पडेल असं. सगळ्या जगात ते डावीकडे असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. त्या स्टिकने डावीकडून चेंडू हाणत गोपिकाने आरामशीनमागच्या मोकळ्या जागेत चार-पाच वर्षं गल्लीतल्या पोरांना रडकुंडीला आणलं.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेत खेळ शिकवायला अरुंधतीबाई आल्या. महाल वस्तीत राहायच्या, पाचवारी पातळ कमरेला खोचून आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मैदानात उतरायच्या. मुलींचा हॉकीचा संघ काढायचा त्यांनी विडाच उचलला होता. सत्तर सालच्या आसपास हे धाडसच होतं. गोपिकाची स्टिक त्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि संध्याकाळी सरळ नत्थूजींचं घर गाठलं.

"नत्थूजी, स्टिक सुरेख केलीत. पण डाव्या हाताची हॉकी नियमात बसत नाही हो. अंपायर हिला उभं राहू देणार नाही. दिवाळीनंतर संघ निवडायचाय. तोवर ही उजव्या बाजूने खेळायला शिकली तर घेईन. नाही तर माझाही इलाज नाही."

पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच नव्हती. मॅट्रिक झाली की शाळा संपली आणि शाळेबरोबर मैदानही संपलं, हे रुखमाबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं.

नत्थूजींचा चेहरा पार उतरला. बाई गेल्यावर त्यांनी ती बाभळीची स्टिक माळ्यावर फेकली. "मीच पोरीचं वाटोळं केलं," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मैदानाकडे पाऊल टाकलं नाही.

गोपिका मात्र हटून बसली. लोकांना वाटतं हॉकी म्हणजे काठी घेऊन पळायचं. अहो, कमरेतून वाकून पळून तर बघा! चेंडू पायाशी, नजर मात्र समोरच्या मुलीवर, आणि खाली मुरूम. पडलं की गुडघ्याची सालपटं निघायची. शाळेच्या स्टिकने तिचा चेंडू भलतीकडे जायचा. ज्या पोरांना तिने रडवलं होतं तीच आता खिदळायची. ती आरामशीनच्या गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारत राहायची, हाताला फोड आले की चिंधी बांधून पुन्हा मारायची. अरुंधतीबाई पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "अगं, स्टिकवर वरचा हात डावाच असतो. स्टिक फिरवतो तो. तुझा डावा हात भक्कम आहे. त्याच्यावर रुसू नकोस."

पण गोपिका रुसलीच होती. एके दिवशी ती उजव्या हाताने जेवायला लागली. घास निसटायचे, वरण मनगटापर्यंत ओघळायचं. तरी रुखमाबाईंच्या मनासारखं झालं होतं. नत्थूजी मात्र ताटावरून लवकर उठायला लागले.

निवडीच्या दिवशी बाईंनी मुलींचे दोन गट करून सामना लावला. गोपिकाला डाव्या कडेला, लेफ्ट आउटला उभं केलं. रुखमाबाईंनी नवऱ्याला जवळजवळ ढकलतच मैदानावर आणलं होतं. "पोरगी तिथं मरमर करून राहिली अन् तुमी घरात तोंड लपवून काहून बसता गा?" नत्थूजी कडुलिंबाच्या आडोशाला उभे राहिले.

पहिला अर्धा खेळ गोपिकाचा वाईट गेला. दोनदा चेंडू हातचा गेला. मग शेवटी शेवटी ती चेंडू घेऊन गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, डीमध्ये शिरली. समोरच्या मुलीने उजवी बाजू पुरती अडवली. चेंडू डाव्या पायाच्या बाहेर राहिला. इतर कोणीही वळून, अंग फिरवून चेंडू उजवीकडे घेतला असता, आणि तेवढ्यात तो हिसकावला गेला असता. गोपिकाने विचारच केला नाही. तिच्या डाव्या मनगटाने स्टिक गर्रकन उलटी फिरवली आणि डावीकडूनच हाणली. चेंडू गोलच्या आतल्या फळीवर खाडकन वाजला.

अरुंधतीबाई शिट्टी वाजवायला विसरल्या. धावत आल्या. "हा उलटा फटका, हा रिव्हर्स कुठे शिकलीस गं? मी तर अजून शिकवलेलाच नाही!"

"बाबानं शिकवला," गोपिका धापा टाकत म्हणाली, आणि तिने कडुलिंबाकडे बोट दाखवलं.

नत्थूजी ओशाळून पुढे आले. "म्या कायचं शिकवलं बाई? म्या त उलटी बनवून देल्ली होती."

"तिच्यावरच तर शिकली न मी बाबा," गोपिका म्हणाली. नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला आणि भर मैदानात, सगळ्या मुलींसमोर रडले.

संघात तिचं नाव पहिलं लागलं. पुढे ती विदर्भाकडून खेळली. डाव्या कडेची गोपिका म्हटलं की जबलपूरच्या मुली कपाळाला आठ्या घालायच्या. आमच्या गावात इतकी गुणी खेळाडू होऊन गेली याचा मला आजही अभिमान वाटतो. पण घरातली खरी गोष्ट घडली ती त्या निवडीच्या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाला.

रुखमाबाईंनी ताट वाढलं. गोपिकाने सवयीने उजवा हात पुढे केला. रुखमाबाईंनी तो हात धरला आणि हळूच बाजूला सारला. पाण्याचा गडू उचलून ताटाच्या उजवीकडे ठेवला, म्हणजे डावी बाजू मोकळी झाली.

"जेव वं," त्या म्हणाल्या. "तुह्या हातानं जेव."