चुण्या कुठं गेल्या?

नरसी नामदेवच्या रस्त्यावर आमच्या तांड्यातल्या अनुसयाबाईंचं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज तंग झाला तर बाई मापाला दोष देत नाहीत, गिऱ्हाइकाच्या जेवणाला देतात. मी भूगोलाचा मास्तर. बावीस वर्षांत एक चूक कबूल केलेली नाही, म्हणून आमचं बरं जमतं.

त्यांची लेक निता जहाजावर शिकाऊ होती. अधिकारी व्हायचं तर मुंबईला तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि तिथं ती दोनदा नापास झाली होती. प्रश्न दोन्ही वेळा तोच. नकाशावर सरळ रेघ मारता येते, मग जहाज वाकड्या वाटेनं का न्यायचं? तिनं पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हटलं. परीक्षक म्हणाले, "समजावून सांगा." तिथं गाडी अडली. तिसऱ्या खेपेआधी ती सुट्टीत घरी आली, तेव्हा बाईंनी मला बोलावणं धाडलं.

कपडा बेतायच्या टेबलावर मी ऐटीत तिचा सागरी नकाशा पसरला. जपानपासून अमेरिकेपर्यंत आखलेली, उत्तरेकडे फुगलेली रेघ बघून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गुर्जी, काहून वाकडं? सरळ आली तर लेकरू लवकर घरी येईल ना!"

"पृथ्वी गोल आहे म्हणून."

"गोल हाय, तर मंग ह्या कागदाच्या चुण्या कुठं गेल्या?"

मला रागच आला. नकाशाला कसल्या चुण्या? बाईंनी पाण्याची घागर उचलली आणि तिच्याभोवती अस्तराचं कापड गुंडाळलं.

"पोटाशी बराबर बसलं. आता गळ्याशी बघा."

गळ्याशी चुण्याच चुण्या.

"चुण्या नको असतील तर वरचं चित्र ताणून रुंद करा लागतंय. तुमच्या कागदवाल्यानं तेच केलं."

निता टुणकन उठली. कापड काढून तिनं घागरीच्या पोटाच्या जरा वर, समोरासमोरच्या दोन बाजूंना दोरा घट्ट ताणला, तर तो आपसूक गळ्याकडं सरकला. जवळची वाट वरूनच जात होती! ती हसत सुटली. मी चष्मा पुसत बसलो. इतकी वर्षं मी भिंतीवरच्या नकाशातलं ताणून अगडबंब झालेलं ग्रीनलंड बघून पोरांसोबत स्वतःही थक्क होत होतो. खरं सांगतो, लाज वाटली.

परीक्षेत तिसऱ्यांदाही तोच प्रश्न आला. निताला ऐनवेळी इंग्रजी आठवेना. तिनं साहेबांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल उचलला, रुमाल गुंडाळला आणि म्हणाली, "सर, चुण्या!" साहेब केरळचे. त्यांना शब्द कळला नाही, पण चुण्या कळल्या. मग तिनं बुटाची नाडी सोडून वाटही दाखवली. निता पास झाली.

काल बाई मोबाइल नाचवत थेट माझ्या वर्गात शिरल्या. अमेरिकेहून परतायची रेघ नितानं स्वतः आखून फोटो पाठवला होता.

"गुर्जी, पोरीनं कशी वाकडी काढली बघा! आता लवकर येतंय लेकरू."

बोलता बोलता त्यांनी मोबाइल पदरानं पुसला. मीही चष्मा पुसला असता, पण समोर सातवीचा वर्ग होता. मी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला आणि पोरांना म्हणालो, "कोणीतरी घागर आणा रे."